टंगस्टनला कुणी सांगितलं नाही

सुलक्षणा परुळेकर कांजूरमार्गच्या एका ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. अकरावी सायन्सच्या तिच्या वर्गाच्या पटावर शंभराच्या वर नावं आहेत आणि बाकांवर जेमतेम दहाजण असतात. बाकीचे सगळे ‘इंटिग्रेटेड’वाले. म्हणजे नाव कॉलेजात, फी दोन्हीकडे आणि पोरं दिवसभर कोचिंग क्लासच्या एसी खोलीत. प्रॅक्टिकलच्या दिवशी तेवढी उगवतात, जर्नलवर सही घेतात आणि जातात. काहीजण तर सुलक्षणालाच विचारतात, “एक्सक्यूज मी, केमिस्ट्रीच्या मॅडम कुठे बसतात?”

जे दहाजण येतात त्यांतले निम्मे क्लास परवडत नाही म्हणून येतात आणि निम्मे घरी राहिलं की आई कामाला लावते म्हणून.

हे सगळं ती सोसते. पण अणुरचनेचा धडा आला की तिचा जीव जळतो, कारण हा तिचा धडा. नोकरीला लागली तेव्हा वर्ग गच्च भरलेला असायचा. पहिल्या तासाला ती फळ्यावर दहावीच्या पुस्तकातला अणू काढायची. मधे गोळा, भोवती वर्तुळं, वर्तुळांवर टिकल्यांसारखे इलेक्ट्रॉन. K, L, M, N. दोन, आठ, अठरा, बत्तीस. पोरं खुशीत असायची, हे येतंय म्हणून. मग ती डस्टर घेऊन सगळं पुसून टाकायची आणि म्हणायची, “आता हे विसरा. इलेक्ट्रॉन असा फिरत नाही.” सगळा वर्ग “आँ?” करायचा. त्या ‘आँ’साठी ती वर्षभर थांबायला तयार असायची.

गेल्या वर्षी या धड्याच्या पहिल्या तासाला तिने असंच पुसलं आणि म्हणाली, “हे विसरा.”

मागच्या बाकावरून एकजण मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, “विसरलो, मॅडम.”

बाकीचे हसले. सुलक्षणालाही हसू आलं, पण डस्टर जरा जोरातच टेबलावर आपटला गेला.

ती याच भागात वाढलेली. वडील, सहदेव परुळेकर, लालबागच्या गिरणीत होते. संपानंतर गिरणी सुटली आणि ते इकडे एका रंगाच्या कंपनीत वॉचमन म्हणून लागले. कामगार सुटून बाहेर यायचे तेव्हा त्यांच्या चपलांचे तळ कधी पिवळे, कधी हिरवे असायचे. गेटबाहेरचा रस्तासुद्धा तसाच. डबा घेऊन गेलेली सुलक्षणा विचारायची, “बाबा, रंग येतो कुठून?” ते म्हणायचे, “माका काय म्हायत? सायबाक इचार.” साहेबाला विचारायची सोय नव्हती, म्हणून ती बी.एस्सी. झाली, मग एम.एस्सी. झाली. चाळीतली पहिली. साहेबाला विचारायचं राहूनच गेलं, पण शिकवायला लागल्यावर तिने एक पक्कं केलं होतं की आपल्या वर्गात कुणाला ‘साहेबाला विचार’ असं ऐकून घ्यावं लागणार नाही.

आता मजा बघा. तिची स्वतःची मुलगी, अपूर्वा, तीही तेव्हा अकरावीलाच आणि तीही इंटिग्रेटेड. नाव भांडुपच्या एका कॉलेजात, स्वतः मुलुंडच्या क्लासमध्ये. म्हणजे सुलक्षणा दुसऱ्यांच्या रिकाम्या बाकांना शिकवत होती आणि तिच्या मुलीचा रिकामा बाक दुसरीच कुणीतरी मॅडम बघत होती. सुलक्षणाने विरोध करून पाहिला होता. नवरा, नितेश, म्हणाला, “सगळे पाठवतात, सुलु. उद्या हिचा नंबर नाही लागला तर आयुष्यभर आपल्याला ऐकवेल.” अपूर्वा म्हणाली, “आई, तुझ्या कॉलेजात येऊ का मग? तुला ‘मॅडम’ म्हणू?” विषय तिथेच मिटला.

ऑगस्टमध्ये क्लासच्या चाचणीत अपूर्वाला अणुरचनेत काठावरसुद्धा मार्क पडले नाहीत. क्लासचे ओजस सर शिकवतात झकास, असं ती रोज सांगायची. पण निकाल लागला तेव्हा दप्तर सोफ्यावर फेकून म्हणाली, “माझी वाट लागलीय. मला काहीच कळत नाही यातलं.”

नितेशने सुलक्षणाकडे पाहिलं. “अगं, घरात मास्तरीण बसलीय की.”

“नको. आई स्लो शिकवते.”

तरी रविवारी सकाळी दोघी नाहूरच्या त्यांच्या घराच्या छोट्या हॉलमध्ये डायनिंग टेबलाशी बसल्या. आत नितेश बांगडे साफ करत होता. सुलक्षणाने वर बोट दाखवलं. “पंखा फुल स्पीडला आहे. पाती दिसतात?”

“नाही.”

“काय दिसतं?”

“गोल. धूसर.”

“तसाच इलेक्ट्रॉनचा ढग. नेमका कुठे आहे सांगता येत नाही, पण कुठे असण्याची शक्यता जास्त, ते सांगता येतं.”

“ओके. म्हणजे इलेक्ट्रॉन पंख्यासारखा गरगर फिरतो.”

“नाही. फिरत नाही.”

“मग पंखा का दाखवलास?”

“कळावं म्हणून.”

“पण पंखा फिरतो ना!”

“पंख्याचं सोड आता.”

“तूच दाखवलास!”

आत बांगडे धुण्याचा आवाज थांबला. सुलक्षणाने पाण्याचा घोट घेतला. वर्गात हे उदाहरण देऊन तिची कित्येक वर्षं सरली होती आणि आजवर कुणी पंखा फिरतो म्हणून तक्रार केली नव्हती. तिने दुसरी वाट धरली.

“बरं, तू घे. रविवारी सकाळी आठला अपूर्वा कुठे असते? बहुतेक अंथरुणात, मोबाइल घेऊन. थोडी शक्यता बाथरूममध्ये. अगदी थोडी शक्यता अभ्यासाला. दार बंद आहे, मी पाहिलेलं नाही. तरी मला अंदाज सांगता येतो की नाही?”

अपूर्वा हसली. मग एकदम गंभीर झाली. “पण आई, तू दार उघडलं नाहीस तरी मी आत कुठेतरी एका जागी असतेच ना. तुला माहीत नसतं एवढंच. इलेक्ट्रॉन तसा असतो का? आपण बघत नसताना?”

“तसं म्हणता येत नाही.”

“का?”

“कारण... तसं नसतं ते.”

“मग कसं असतं?”

“हे बघ, आत्ता एवढंच लक्षात ठेव. ढगांचे आकार: एस गोल, पी डंबेलसारखा, डी पाकळ्यांसारखा. परीक्षेला पुरे.”

अपूर्वाने वही मिटली. “हेच ओजस सरांनी सांगितलं. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं, तू अख्खी सकाळ घेतलीस.”

जेवताना बांगडे छान झालेत, असं नितेश दोनदा म्हणाला.

हे एवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. पण पुढच्याच आठवड्यात अपूर्वा क्लासमधून आली ती मूलद्रव्यांचा तक्ता हातात धरूनच. सुलक्षणा भाजी निवडत होती.

“आई, क्रोमियमचा एक इलेक्ट्रॉन फोर-एसमधून थ्री-डीमध्ये उडी मारतो. का?”

हे उत्तर सुलक्षणा झोपेतसुद्धा देईल. “कारण मग डीच्या पाचही खणांत एकेक इलेक्ट्रॉन बसतो. अर्धं भरलेलं कवच जास्त स्थिर असतं.”

“बरोबर. सर पण हेच म्हणाले. आता खाली बघ. क्रोमियमखाली मॉलिब्डेनम. तो पण तसंच करतो. त्याच्याखाली टंगस्टन. याच घरातला. हा नाही करत. याने एसमध्ये दोन ठेवलेत, डीमध्ये चारच. मग टंगस्टनला हा नियम कुणी सांगितला नाही का?”

सुलक्षणाने तक्ता हातात घेतला. हा तक्ता तिच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर आहे. तिच्या खुर्चीच्या बरोबर मागे. टंगस्टनपुढचे आकडे तिने हजारदा पाहिले असतील आणि एकदाही वाचले नव्हते.

“अपवाद आहे तो,” ती म्हणाली. “पाठ कर.”

म्हणाली आणि तिलाच ते ऐकू आलं. ‘सायबाक इचार’चा सुद्धा यापेक्षा बरा सूर होता. बाबांनी निदान मला माहीत नाही असं सांगितलं तरी होतं. अपूर्वा “बरं” म्हणून आत गेली. तिने वाद घातला असता तर सुलक्षणाला बरं वाटलं असतं.

मग तिने तो नादच घेतला. उपनगरातल्या केमिस्ट्रीच्या शिक्षकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यावर तिने प्रश्न टाकला. पहिलं उत्तर आलं, “सिलॅबसमध्ये नाही.” दुसरं उत्तर म्हणजे जोडलेले हात. तिसऱ्याने लिहिलं, “नाइस क्वेश्चन मॅडम,” आणि त्याखाली कुणीतरी सुप्रभातचं गुलाबाचं फूल टाकलं. जानकी नावाच्या बोरिवलीच्या एका शिक्षिकेने मात्र वेगळा मेसेज करून कळवलं की तिलाही हे खटकायचं, पण विचारायला लाज वाटायची. एवढाच काय तो आधार.

सुलक्षणाने वाचायला घेतलं. इंटरनेटवर, जुन्या पुस्तकांत, स्टाफरूममध्ये, रिक्षात. हळूहळू काहीतरी उलगडायला लागलं. अर्ध्या भरलेल्या कवचाची गोष्ट खोटी नव्हती, पण ती अर्धीच होती. एकाच खणात दोन इलेक्ट्रॉन ठेवले की ते एकमेकांना ढकलतात, ती एक किंमत. वेगळ्या खणात पाठवायचा तर तिथवर चढवायला ऊर्जा लागते, ती दुसरी किंमत. जे स्वस्त पडेल ते अणू करतो. क्रोमियमला चढवणं स्वस्त पडतं. टंगस्टनचं केंद्रक इतकं जड की त्याच्या जवळून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाशी तुलना करण्याइतका होतो, त्यामुळे बाहेरचा एस आत ओढला जातो, खाली जातो आणि तिथे दोघांनी दाटीवाटीने राहणंच परवडतं. म्हणजे नियम असा नव्हताच. हिशोब होता, आणि प्रत्येक अणूचा वेगळा.

तिला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी तिने वर्गात सगळं सांगितलं. “पुस्तकात दिलंय ते कारण पुरेसं नाही,” असं स्पष्ट म्हणाली. टंगस्टन दाखवला. हातवारे केले, दोन खोल्यांत राहणाऱ्या भावांचं उदाहरण दिलं, मग उदाहरण अपुरं आहे हेही सांगितलं. खडू तुटला तरी थांबली नाही.

पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. सुलक्षणाचा चेहरा उजळला.

“मॅडम, मग पेपरात काय लिहायचं?”

“पुस्तकातलंच लिही.”

“पण तुम्ही म्हणालात ते पुरेसं नाही.”

“मार्कांना पुरेसं आहे.”

ती मुलगी गोंधळून बाजूच्या मैत्रिणीकडे बघायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, “मॅडम, अटेंडन्स घ्या ना.”

दोन दिवसांनी उपप्राचार्य बाळ सरांनी बोलावलं. बाळ सर वाईट माणूस नव्हेत. त्यांनी चहा मागवला, घरचं विचारलं आणि मग हळूच म्हणाले, “मॅडम, एका पालकाचा फोन होता. तुम्ही वर्गात सांगता म्हणे, पुस्तक चुकीचं आहे.”

“चुकीचं नाही म्हणाले, सर. अपुरं म्हणाले.”

“मुलांना तो फरक कळतो का?”

“कळावा म्हणूनच सांगत होते.”

“मॅडम, आपल्याकडे मुलंच किती येतात! जी येतात, ती तरी टिकवू या. तुम्ही हुशार आहात, कुणी नाही म्हणत नाही. पण बोर्डाला जे हवं तेवढं द्या. जास्तीचं कशाला?”

सुलक्षणाच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. जास्तीचं नाही, सर, तेवढंच तर शिकवायचं असतं. पण चहा आला, आणि बाळ सरांनी ताटलीतलं बिस्किट तिच्यापुढे केलं. समोरचा माणूस बिस्किट देत असताना भांडता येत नाही. ती चहा पिऊन बाहेर आली आणि जिन्यात उभी राहून तिला स्वतःचाच इतका राग आला की डोळे भरले.

घरी आली तेव्हा अपूर्वा टेबलाशी बसून पर्यायी प्रश्न सोडवत होती. सुलक्षणाने पर्ससुद्धा ठेवली नाही. “अपू, टंगस्टनचं सापडलं मला.”

“कसलं?”

“तूच विचारलं होतंस ना!”

“अगं, ते झालं कधीच. अपवाद म्हणून पाठ केलं. तूच म्हणालीस.” तिने एका गोलात काळं केलं. “हे बघ, आलाच क्रोमियम. ऑप्शन सी. हाफ-फिल्ड स्टॅबिलिटी. चार मार्क.”

“पाच मिनिटं ऐक. प्लीज.”

तो ‘प्लीज’ ऐकून अपूर्वाने पेन खाली ठेवलं. सुलक्षणाने उभ्या उभ्याच सांगितलं. ढकलाढकली, चढण्याची किंमत, जड केंद्रक, प्रकाशाशी तुलना करण्याजोगा वेग. या खेपेस पंखा नाही, दार नाही. पोरगी ऐकत होती, खरंच ऐकत होती. कपाळाला आठी घालून. सांगून झालं तशी म्हणाली, “थांब, थांब. वेग कुणाचा?”

“इलेक्ट्रॉनचा.”

“पण तू तर म्हणालीस इलेक्ट्रॉन फिरतच नाही. फिरत नाही त्याला वेग कसला?”

सुलक्षणाला सुचलेलं प्रत्येक वाक्य तिने कुठेतरी वाचलेलं होतं आणि त्यातलं एकही तिचं स्वतःचं नव्हतं.

“मला नाही माहीत!” ती ओरडली. “अर्धं आयुष्य हे शिकवतेय मी, आणि मला नाही माहीत! झालं समाधान?”

नितेश आतल्या खोलीतून धावत आला. “काय झालं? काय सांडलं?”

“काही नाही,” अपूर्वा म्हणाली. ती आईकडे बघत होती. घाबरून नाही, जरा नवल वाटल्यासारखी. “आई, मग पहिल्यांदाच असं सांगायचंस ना. मला वाटायचं मीच ढ आहे. सर दोन मिनिटांत सांगतात, सगळे माना डोलावतात, मला एकटीलाच कळत नाही असं वाटतं.”

“माना मीपण डोलावल्यात,” सुलक्षणा खुर्चीत बसत म्हणाली. “कॉलेजात. सगळ्यांनी डोलावल्या म्हणून.”

“आणि आता वर्गात सांगितलं तर?”

“तर बाळ सर बिस्किट देतात.”

अपूर्वाला काही कळलं नाही, पण आई हसली म्हणून तीही हसली. नितेशने दोघींकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि कुकर लावायला गेला.

यातून फार मोठं काही घडलं नाही. अपूर्वाला पुढच्या चाचणीत बरे मार्क पडले, ते ऑप्शन सीमुळे. तिला केमिस्ट्री आवडायला लागली असंही नाही. तिला आर्किटेक्ट व्हायचंय आणि इलेक्ट्रॉन कुठे राहतो याच्याशी तिला काही देणंघेणं नाही, असं ती म्हणते. क्लास तिने सोडला नाही. आता ती बारावीला आहे. सुलक्षणाच्या वर्गात यंदा आणखी कमी मुलं येतात, आणि पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या एका क्लासला द्यायचं संस्थेच्या मनात आहे, अशी कुजबुज आहे. ती शिकवते पुस्तकातलंच. शेवटी म्हणते, “हे पेपरासाठी. बाकीचं ऐकायचं असेल त्यांनी थांबा.” कधी एखादं कुणी थांबतं. बरेचदा नाही थांबत. तिला अजून राग येतो. तो कमी होईल असं तिला वाटलं होतं, पण तो कमी झालेला नाही.

फरक एवढाच की तिने माटुंग्याहून क्वांटम केमिस्ट्रीचं एक जाडजूड जुनं पुस्तक आणलंय. एम.एस्सी.ला तिने हा भाग ऑप्शनला टाकला होता. गणित आठवत नाही, समीकरणं पुढे सरकत नाहीत, एकेक पान आठवडा खातं. परवा सकाळी ती असंच डोकं धरून बसली होती. अपूर्वा बूट घालता घालता वाकून बघायला लागली. पानभर एकच चिन्ह पुन्हा पुन्हा आलं होतं, त्रिशूळासारखं.

“हे काय आहे?”

“साय. ग्रीक अक्षर. इलेक्ट्रॉनबद्दल जे जे सांगता येतं ते सगळं याच्यात असतं.”

“म्हणजे हा इलेक्ट्रॉन आहे?”

“नाही.”

“मग काय आहे?”

“त्यावर अजून वाद चालू आहे.”

“अजून?”

“अजून. शंभर वर्षं झाली.”

अपूर्वाने दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. “कमाल आहे यार तुम्हा लोकांची,” असं म्हणून ती धाडधाड जिना उतरून गेली. सुलक्षणाने पान मागे उलटलं आणि पहिल्या ओळीपासून परत वाचायला घेतलं.